अधूनमधून डोकं दुखतं, सोबत डोळाही दुखतो: कारण कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: महिन्यातून काही वेळा डोकं दुखतं, त्याच वेळी एक किंवा दोन्ही डोळे दुखतात, मधले दिवस मात्र अगदी व्यवस्थित जातात. हे कशामुळे होत असेल? चष्म्याचा नंबर, सायनस, बीपी, की डोक्यातच काही?

आधी एक शरीररचना लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेची पहिली शाखा डोळा, वरची पापणी, कपाळ, टाळूचा पुढचा भाग, नाकाचा वरचा भाग आणि काही सायनस या सगळ्यांची संवेदना वाहून नेते. मेंदूवरच्या आवरणाच्या बऱ्याचशा भागाची संवेदनाही तीच नेते. मानेच्या वरच्या तीन नसांचे संदेशही मेंदूच्या देठातल्या त्याच केंद्रात उतरतात. त्यामुळे दुखणं नेमकं कुठून आलं हे मेंदूला नीट उमगत नाही. मानेतला त्रास डोळ्यामागे जाणवतो, मायग्रेन भुवईत जाणवतो, आणि डोळ्यातला वाढलेला दाब अर्धं डोकं दुखवतो. म्हणून ‘डोळ्यामागे दुखतं’ या एका वाक्यावरून निदान होत नाही. निदान होतं ते चार प्रश्नांनी: दुखणं किती वेळ टिकतं, त्या वेळी डोळा कसा दिसतो आणि त्यातून कसं दिसतं, दुखत असताना माणूस काय करतो, आणि ते कशाने थांबतं.

यातला दुसरा प्रश्न सर्वांत जास्त कामाचा. डोळा पांढरास्वच्छ आहे, नजर नेहमीसारखी आहे, डोळा फिरवताना दुखत नाही, तर कारण बहुधा डोळ्यात नसतं. याला अपवाद आहेत आणि ते खाली येतील. डोळा लाल आहे किंवा धूसर दिसतंय, तर ‘डोकेदुखी’ हा शब्द बाजूला ठेवून आधी डोळा तपासायचा.

अशा तक्रारीमागचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे मायग्रेन, म्हणजेच अर्धशिशी. प्रौढांमध्ये औषध न घेतल्यास झटका 4 ते 72 तास टिकतो. दुखणं बहुधा एका बाजूला, ठणकणारं असतं, जिना चढला किंवा वाकलं की वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी तरी होते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. नाव अर्धशिशी असलं तरी अनेकांचं दोन्ही बाजूंना दुखतं, आणि तेवढ्यावरून निदान सोडून देणं ही नेहमीची चूक आहे. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात किंवा दिसण्यात एखादा ठिपका कोरा पडतो. हा प्रकार हळूहळू पसरतो आणि 5 ते 60 मिनिटांत जातो. तो दोन्ही डोळ्यांना दिसतो. एकेक डोळा झाकून खात्री करता येते. एकाच डोळ्यापुढे काळा पडदा आल्यासारखं झालं तर ते मायग्रेन समजून सोडू नका, त्याची त्याच दिवशी तपासणी हवी.

झोप कमी झाली, जास्त झाली, जेवणाची वेळ टळली, पाळी जवळ आली, ताण उतरून सुट्टी सुरू झाली, की झटका येतो. रोज 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्याने ते अचानक थांबवलं तर 24 तासांच्या आत डोकं धरतं, तेही अनेकदा डोळ्यांमागे.

ताणाची डोकेदुखी याहून सौम्य असते. दोन्ही बाजूंना दाबल्यासारखं वाटतं, ठणका नसतो, उलटी नसते, चालल्याने वाढत नाही. ती अर्ध्या तासापासून 7 दिवसांपर्यंत टिकते. डोळे ‘जड’ वाटतात एवढंच. काम थांबवावं लागत असेल, अंधाऱ्या खोलीत जाऊन पडावं लागत असेल, तर तिला ताणाची म्हणू नका. ती बहुधा मायग्रेन असते.

आता सायनस. ‘मला सायनस आहे’ म्हणणाऱ्या, वारंवार कपाळ आणि डोळ्यांभोवती दुखणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात मायग्रेन असतो. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, हवा बदलली की झटका येतो; त्यामुळे गैरसमज पक्का होतो आणि अँटिबायोटिकचे कोर्स विनाकारण होतात. खऱ्या जंतुसंसर्गात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येतो, वास येईनासा होतो, कधी तापही असतो आणि दुखणं काही तासांत न जाता दिवसेंदिवस राहतं. नाकातून स्वच्छ पाणी, मळमळ आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, हे चित्र सायनसचं नाही. कवटीच्या तळाशी खोल असलेल्या स्फेनॉइड सायनसचा संसर्ग मात्र फसवा असतो. तो डोळ्यामागे आणि डोक्याच्या माथ्यावर दुखतो, नाकाची लक्षणं फारशी नसतात आणि साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा सापडत नाही, सीटी लागतो.

चष्म्याच्या नंबरवर जितका दोष टाकला जातो तितका तो दोषी नसतो. लांबचं धूसर दिसणारा उणे नंबर सहसा डोकं दुखवत नाही. दुखवतो तो अधिक (प्लस) नंबर, कारण स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्याच्या आतला स्नायू सतत आवळून ठेवावा लागतो. तरुण माणूस हे इतकं बेमालूम करतो की फलकावरची सगळी अक्षरं वाचतो आणि ‘नंबर नाही’ असा शेरा मिळवतो. म्हणून मुलांत आणि तरुणांत नंबर तपासताना स्नायू सैल करणारे थेंब घालूनच तपासावं. दंडगोल (सिलिंडर) नंबर, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक, गरजेपेक्षा जास्त दिलेला उणे नंबर आणि चाळिशीनंतर टाळत राहिलेला वाचनाचा चष्मा हीही कारणं आहेत. प्रोग्रेसिव्ह काचेत (लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) बाहुल्यांमधलं अंतर किंवा काचेची उंची चुकीची मोजली असेल, तर वाचण्यासाठी मान वर करावी लागते; मग डोळे आणि मान दोन्ही दुखतात आणि नवा चष्मा ‘चढला’ असं म्हटलं जातं.

नंबरच्या दुखण्याची वेळ ठरलेली असते: जवळचं काम सुरू केल्यावर काही वेळाने, दिवस मावळताना जास्त, सुट्टीच्या दिवशी कमी. सकाळी उठताच डोकं दुखत असेल तर नंबरला दोष देऊ नका. तिथे घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, दात करकर चावणं, रक्तदाब, वेदनाशामकांचा अतिरेक आणि डोक्यातला वाढलेला दाब यांचा विचार आधी करायचा.

नंबर बरोबर असूनही वाचताना दुखत असेल, ओळी सरकत असतील, अक्षरं दुहेरी दिसत असतील, तर डोळे आत वळवण्याची ताकद कमी पडते का ते पाहा. पेनाचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाच्या शेंड्याकडे आणा आणि ते दोन दिसू लागेल तिथे थांबा. साधारण 6 ते 8 सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. 10 सेंटिमीटरच्या अलीकडे येण्याआधीच दोन झालं तर तपासून घ्या. यावर याच पद्धतीचा पेनाचा व्यायाम रोज 15 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस, 12 आठवडे करतात. मुलांमध्ये क्लिनिकमध्ये देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा गुण अधिक दिसला आहे.

पडद्यासमोर बसलं की पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकतं, डोळ्यावरचा अश्रूंचा थर सुकतो आणि चुरचुर, जडपणा आणि भुवईवरचं दुखणं सुरू होतं. पडदा 50 ते 70 सेंटिमीटरवर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या जरा खाली ठेवा. 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 6 मीटर लांब पाहा आणि त्या वेळात मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट डोळ्यांवर नको. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पैसे घालवू नका. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसून आलं नाही. कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब मात्र नकोत. ते थांबवले की लाली परत वाढते आणि त्यांचा एक गंभीर धोका पुढच्याच मुद्द्याशी जोडलेला आहे.

तो मुद्दा म्हणजे अरुंद कोनाचा काचबिंदू. ‘अधूनमधून’ हा शब्द ऐकल्यावर सर्वांत आधी डोक्यात यायला हवा आणि सर्वांत जास्त वेळा निसटतो तो हाच. डोळ्याच्या आतलं पाणी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) व तो पडदा यांच्यामधल्या कोनातून निचरतं. काही डोळ्यांत ही जागा जन्मतःच कमी असते. वय वाढतं तसं आतलं भिंग जाड होतं आणि जागा आणखी आखडते. बाहुली अर्धवट मोठी झाली की पाणी पुढे येण्याची वाट अडते, पडदा पुढे फुगतो, कोन बंद होतो आणि दाब चढतो. डोळ्याचा नेहमीचा दाब 10 ते 21 मिमी पारा असतो. मोठ्या झटक्यात तो 40 ते 60 किंवा त्याहून वर जातो.

मोठ्या झटक्याच्या आधी अनेकांना महिनोन्‌महिने छोटे झटके येतात. संध्याकाळी, मंद उजेडात, अंधाऱ्या सभागृहात एक डोळा आणि त्या बाजूची भुवई दुखते, किंचित धुकं आल्यासारखं दिसतं, दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी दिसतात. तासाभरात किंवा झोपून उठल्यावर सगळं जातं, कारण झोपेत आणि भरपूर उजेडात बाहुली लहान होते आणि कोन उघडतो. झोपेने मायग्रेनही बरा होतो, म्हणून फसगत होते. फरक अंधारात कळतो: मायग्रेनच्या माणसाला जागेपणी अंधारात बरं वाटतं, इथे अंधार हाच झटक्याला निमित्त होतो. दुसरा पेच असा की दोन झटक्यांच्या मधे डोळा पांढरा, नजर ठीक आणि दाब नॉर्मल असतो. म्हणून ‘दाब तपासला, नॉर्मल आला’ एवढ्यावर हा आजार नाकारता येत नाही. कोन प्रत्यक्ष पाहावा लागतो. त्यासाठी डोळ्यावर विशेष भिंग ठेवून, खोलीतला उजेड कमी करून केलेली गोनिओस्कोपी लागते. ती झाली आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

धोका कोणाला? पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, अधिक नंबर असलेल्यांना, स्त्रियांना, आशियाई वंशाच्या लोकांना आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना. सर्दीच्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या आणि उलटी-चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची औषधं, लाली घालवणारे आणि बाहुली मोठी करणारे थेंब अशा डोळ्यात झटका आणू शकतात. मायग्रेन टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेटनेही, वेगळ्या मार्गाने, दोन्ही डोळ्यांत असा झटका येऊ शकतो, बहुधा औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात. गोळी सुरू झाल्यावर अचानक लांबचं धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उपाय सोपा आहे: लेसरने रंगीत पडद्याच्या कडेला सूक्ष्म छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट देतात. काम काही मिनिटांचं असतं आणि सहसा दुसऱ्या डोळ्यालाही करून ठेवतात. काहींना मोतीबिंदूप्रमाणे भिंग काढणं जास्त फायद्याचं ठरतं.

मोठा झटका आलाच तर डोळा लालभडक, बुबुळ धूसर, बाहुली मध्यम मोठी आणि न हलणारी, डोळा बोटाला गोटीसारखा टणक लागतो. उलट्या इतक्या होतात की रुग्ण पोटाच्या तक्रारीसाठी दाखल होतो आणि डोळ्याकडे कोणी पाहतच नाही. डोळ्यावर पट्टी बांधू नका, अंधारात झोपवून ठेवू नका. काही तासांच्या आत नेत्रविभाग गाठा.

एका बाजूच्या डोळ्याभोवतीची असह्य कळ, डोळा लाल, पाणी गळतंय, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली, पापणी थोडी खाली आलेली, हे क्लस्टर डोकेदुखीचं चित्र आहे. ती 15 ते 180 मिनिटं टिकते, दिवसाआड एकदा ते दिवसातून 8 वेळा येते, अनेकदा रात्री ठरावीक वेळी झोपेतून उठवते. असे काही आठवडे जातात आणि मग महिनोन्‌महिने काहीच नसतं. मायग्रेनचा रुग्ण निपचित पडून राहतो. हा येरझाऱ्या घालतो, डोकं भिंतीवर आपटतो. या बाजूची बाहुली लहान असू शकते, काचबिंदूच्या झटक्यात ती मोठी असते. दोन्हींत डोळा लाल असल्याने हा फरक महत्त्वाचा. साध्या वेदनाशामकांचा इथे उपयोग नाही. तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून 12 ते 15 लिटर प्रतिमिनिट शुद्ध ऑक्सिजन 15 मिनिटं, किंवा 6 मिलिग्रॅम सुमाट्रिप्टानचं त्वचेखाली इंजेक्शन, हे उपाय चालतात. त्या काळात दारूचा घोटही झटका आणतो. असाच त्रास पण 2 ते 30 मिनिटांचा आणि दिवसातून अनेकदा होत असेल तर तो वेगळा प्रकार असतो. त्याला इंडोमेथासिन या दाहशामक औषधाने पूर्ण आराम पडतो, इतका की औषधाचा गुण हेच निदान धरतात.

काही छोटी कारणं भराभर सांगतो. क्षणभर डोळ्यात सुई टोचल्यासारखी कळ येऊन जाणं, मायग्रेन असणाऱ्यांत हे नेहमीचं आणि बहुधा निरुपद्रवी. डोळ्याच्या वरच्या-आतल्या कोपऱ्यात दाबलं की दुखतं आणि खाली पाहताना वाढतं, तर तिथल्या स्नायूच्या कप्पीची सूज असू शकते. मान वळवल्यावर डोक्याच्या मागून सुरू होऊन डोळ्यामागे येणारं दुखणं मानेकडून येतं. घट्ट पोहण्याचा चष्मा किंवा हेल्मेट तासाभरात कपाळ दुखवतं, काढल्यावर तासाभरात थांबतं. कपाळाच्या एका बाजूला आग, नंतर दोन-चार दिवसांनी पुरळ, ही नागीण. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्यालाही नागीण होण्याची शक्यता मोठी, आणि विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं. रक्तदाब थोडासा वाढल्याने सहसा डोकं दुखत नाही. 180/120 च्या वर गेला तर दुखू शकतं, आणि धूसर दिसणं, गोंधळ, छातीत दुखणं सोबत असेल तर ती तातडीची वेळ असते.

डोळा फिरवताना आत दुखतं, काही दिवसांत नजर मंदावते, लाल रंग त्या डोळ्याने फिका दिसतो, ही दृष्टिनसेची सूज. इथे डोळा बाहेरून पांढराच असतो. खोल, रात्री झोपेतून उठवणारं आणि भुवई-जबड्यापर्यंत जाणारं दुखणं, सोबत गडद लाली, ही डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाची सूज. तिच्यामागे संधिवात असू शकतो. उजेडात डोळा उघडवत नाही आणि बुबुळाच्या कडेने लाली आहे, तर आतली सूज, म्हणजे युव्हायटिस. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल, दुखरा डोळा हा उलट सिद्ध होईपर्यंत बुबुळाचा जंतुसंसर्ग समजावा. लेन्स काढा, परत घालू नका, टाकूनही देऊ नका. तपासणीला तिचा उपयोग होतो.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी वेगळ्या हिशोबात धरा. कानशिलं दुखरी, केस विंचरताना डोकं हुळहुळतं, चावताना जबडा थकतो, तर कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या लगेच करतात. संशय बळकट असेल तर अहवालांची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात, कारण गेलेली नजर बहुधा परत येत नाही. वजन वाढलेल्या तरुण स्त्रीला डोकेदुखीसोबत वाकल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येत असेल, तर डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो. डोळ्याचा मागचा पडदा तपासून दृष्टिनसेची सूज पाहणं हे इथलं पहिलं काम. जीवनसत्त्व अ जास्त घेणं, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिन यांनीही हे होऊ शकतं.

पुढच्या गोष्टींत थांबायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं: एका मिनिटाच्या आत शिखर गाठणारी भयंकर डोकेदुखी, पापणी पडणं, दुहेरी दिसणं आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी होणं, मानेला झटका बसल्यानंतर मान-डोळा दुखून एक पापणी उतरणं आणि बाहुली लहान होणं, ताप आणि मान ताठ होणं, डोळा सुजून पुढे येणं, हातापायातली ताकद किंवा बोलणं जाणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सुरू झालेली तीव्र डोकेदुखी.

हे सगळं नसेल तर पुढच्या झटक्यात दोन कामं करा. पहिलं, खोलीच्या उजेडात आरशात किंवा मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचा एकत्र जवळून फोटो घ्या. लाली, पापणी आणि बाहुल्यांचा फरक त्यात दिसतो आणि झटका गेल्यावर डॉक्टरांना दाखवायला दुसरं काही उरत नाही. दुसरं, एकेक डोळा झाकून एकच मजकूर वाचून पाहा. वहीत सुरू आणि बंद झाल्याची वेळ, बाजू, आधीची झोप, पाळी, घेतलेली गोळी आणि तिचा गुण लिहा. दोन महिन्यांची अशी नोंद स्कॅनपेक्षा जास्त सांगते.

मायग्रेनच्या झटक्यात औषध लवकर आणि पुरेशा मात्रेत घ्यायचं असतं. दुखणं चढेपर्यंत वाट पाहून अर्धी गोळी घेणारे औषधालाच नावं ठेवतात. प्रौढांत पॅरासिटामॉल 1000 मिलिग्रॅम (50 किलोपेक्षा कमी वजन असल्यास किंवा यकृताचा आजार असल्यास कमी) किंवा काही खाऊन आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम. आयबुप्रोफेन पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयरोग आणि गरोदरपणात नको. 16 वर्षांखालच्यांना ॲस्पिरिन देऊ नये. मळमळीमुळे जठराचं काम मंदावतं आणि गोळी शोषली जात नाही, म्हणून डॉक्टर सोबत उलटीविरोधी औषध देतात. याने भागत नसेल तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत, पण हृदयरोग, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती चालत नाहीत. नागमोडी रेघा दिसणारा मायग्रेन असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात; पक्षाघाताचा धोका वाढतो.

साधी वेदनाशामकं महिन्यात 15 दिवस किंवा त्याहून जास्त, मिश्र गोळ्या (एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या) आणि ट्रिप्टान 10 दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागते असं नोंदीत दिसलं तर झटके रोखणाऱ्या औषधांबद्दल विचारा. अरुंद कोनाची शंका असेल तर टोपिरामेट किंवा ॲमिट्रिप्टिलिन सुरू होण्याआधी कोन तपासून घ्या.

पहिली भेट नेत्रतज्ज्ञांची ठेवा: आधी दाब आणि गोनिओस्कोपी, आणि ती झाल्यावरच थेंब घालून नंबर आणि बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी, या क्रमाने. तिथे काही सापडलं नाही आणि चित्र सरळ मायग्रेनचं आहे, मज्जासंस्थेची तपासणीही ठीक आहे, तर एमआरआयची गरज नसते. झटक्यांचं स्वरूप बदललं, ते वाढत गेले, खोकल्याने किंवा आडवं पडल्याने वाढू लागले, किंवा क्लस्टरसारखा त्रास पहिल्यांदाच झाला, तर मात्र एमआरआय करून घ्यावा.